हुर्राकाच्या ग्लासाशेजारची बशी

मार्च सुरू झाला की आमच्या फोंडा तालुक्यातल्या डोंगरउतारांवर पिकलेल्या काजूबोंडांचा वास सुटतो. गोड, आंबूस आणि नाकात ठाण मांडून बसणारा. पाहुण्यांना तो पहिल्या दिवशी नकोसा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी जाणवतही नाही. मग पंधरा-वीस दिवसांत बाटल्या फिरू लागतात. शीतपेयाच्या जुन्या बाटल्या, वर लेबल नाही, आणि आणणारा हमखास सांगतो की भट्टी त्याच्या ओळखीची आहे. हुर्राक आलेला असतो.

हुर्राकाबद्दल गोव्यात सगळे बोलतात. कुठल्या गावचा चांगला, यंदा मोहोर कसा होता, बोंडं कमी का आली. त्याच्या शेजारच्या बशीबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. ती बहुधा चिवड्याच्या पाकिटाने भरते आणि विषय संपतो. मला लिहायचंय ते त्या बशीबद्दल. गेल्या काही वर्षांत आमच्या घरी ती बदलली आणि तिच्याबरोबर आमची संध्याकाळही बदलली.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख करून देते. काजूचं झाड मूळचं इथलं नव्हे, पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली गोळा करतात. बिया पिळून वेगळ्या काढायच्या आणि बोंडं तुडवून किंवा यंत्रात घालून रस काढायचा. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की आपोआप ठिबकतो तो स्वच्छ रस म्हणजे निरो. तो ताजाच प्यायचा, त्यात नशा नसते, आणि आमच्या घरातली मुलं वर्षभर त्याची वाट बघतात. बाकीचा रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या वाफेतून मिळतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा. त्याच्यावर पुन्हा तीच क्रिया केली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. फेणी वर्षानुवर्षं राहते. हुर्राकाचं तसं नाही. मे संपता संपता तो संपतो, आणि कोणी कपाटात लपवून ठेवलाच तर पावसाळ्यात त्याची चव उतरलेली असते.

आता मुद्द्याचं. गोव्यात हुर्राक सहसा कोणी नुसता पीत नाही. उंच ग्लास, भरपूर बर्फ, ६० मिली हुर्राक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची, आणि वरून लिम्का. आंबट, गोड, खारट, तिखट आणि फसफसणारं. मोठ्या शहरांतल्या बारमध्ये ज्याला कॉकटेल म्हणून निराळा कागद छापतात, ते इथे कित्येक वर्षं पडवीत बसून, चमच्याऐवजी बोटाने ढवळून प्यायलं जातंय.

एक हिशेब इथेच सांगून टाकते, कारण हुर्राक सरबतासारखा उतरतो आणि लोक त्याला हलका समजतात. ६० मिली हुर्राकात साधारण ९ मिली मद्यार्क असतो. ३० मिली व्हिस्कीत असतो १३ मिलीच्या जवळपास. म्हणजे मोजून घेतला तर तो हलका आहे. पण मोजतो कोण? सरसकट अर्धा ग्लास ओतला जातो. तो १२० मिली धरला तर १८ मिली मद्यार्क झाला, म्हणजे व्हिस्कीच्या लहान पेगच्या जवळजवळ दीडपट. असे तीन ग्लास आणि वर बाजाराचा चिवडा, ही आमच्याकडची नेहमीची कहाणी होती.

चिवडा का नको

मला चिवडा आवडतो. दुपारच्या चहाबरोबर त्याला तोड नाही. पण हुर्राकाच्या ग्लासात मीठ आहे, आंबट आहे, तिखट आहे. बशीत पुन्हा मीठ, आमचूर आणि तिखटच आलं तर जीभ एकाच जागी घासत राहते. शिवाय खारट खाल्लं की तहान लागते, आणि समोर पाणी नसेल तर हात ग्लासाकडेच जातो. बारवाले खारे शेंगदाणे फुकट का देतात, याचं उत्तर यातच आहे.

मग हवं काय? स्निग्ध काहीतरी, पोटात थांबणारं काहीतरी. पोटात अन्न असेल, विशेषतः प्रथिनं आणि तेलतूप, तर पोट सावकाश रिकामं होतं आणि मद्यार्क रक्तात हळूहळू जातो. चढायची थांबत नाही, हे नीट लक्षात ठेवा. फक्त एकदम चढत नाही. भजी खाल्ल्याने कोणी गाडी चालवायला लायक होत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ज्याला परत जायचंय त्याच्या हातात कोकमाचाच ग्लास असतो.

तिखटाचंही तसंच. मिरचीची आग ज्या संवेदकांमुळे जाणवते, त्यांना मद्यार्क अधिक हळवं करतो. त्यामुळे एरवी सहज खाल्ली जाणारी मिरचीची भजी हुर्राकाबरोबर तोंड पोळते, आणि ते विझवायला माणूस आणखी एक घोट घेतो. आगीवर रॉकेलच म्हणायचं. म्हणून मी एक साधी गोष्ट ठरवली आहे. मिरची ग्लासात असेल तर बशीत नको.

आंबटाचं मात्र उलटं आहे, आणि हे जुन्या तावेर्नातल्या लोकांना कोणी न शिकवता ठाऊक होतं. तिथे हुर्राकाबरोबर कैरीची फोड नाहीतर चेपणीचं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं, तोर मिळायचं. आंबट खाऊन आंबट पेय प्यायलं तर पेय मऊ, थोडं गोड लागतं. याउलट गोड खाऊन प्यायलात तर तेच पेय उगाच आंबट आणि कडवट लागतं. त्यामुळे शंकरपाळे, बेसनाचे लाडू, कोणाच्या वाढदिवसाचा उरलेला केक, हे सगळं नंतर. कैरी मात्र पहिल्यापासून.

आमच्या बशीत काय असतं

सगळ्यात आधी बिबे. बिबे म्हणजे ओले काजूगर, कवळ्या बीमधून काढलेले. ज्या झाडाचं बोंड ग्लासात जातं त्याच झाडाची बी वाटीत येते, आणि दोघांचा मोसमही एकमेकांना चिकटून येतो. भाजून खारवलेले काजू वर्षभर कुठेही मिळतात. बिबे तसे मिळत नाहीत. बाजारात बायका ते शेकड्यावर मोजून विकतात आणि भाव ऐकून दरवर्षी नव्याने धक्का बसतो. पण घरी कवळी बी चिरून बघा, म्हणजे भाव पटेल. टरफलातला चीक हात भाजतो, कातडी सोलवटते. हाताला खोबरेल चोपडून बसावं लागतं, आणि तरी डाग राहतातच.

दोन वाट्या बिबे गरम पाण्यात अर्धा तास ठेवले की वरचं पातळ साल बोटांनी निघतं. कढईत दोन चमचे खोबरेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि एकच मिरची, तीही नंतर काढून टाकता येईल अशी अख्खी. बिबे घालून झाकण ठेवायचं, पाण्याचा हबका मारत आठ-दहा मिनिटं शिजवायचं. मीठ बेताचं, साखर चिमूटभर, वरून मूठभर ओलं खोबरं. ही काही वेगळी पाककृती नाही, आमच्या सासूबाई जेवणात करतात तीच सुकी उसळ आहे. फरक इतकाच की ती कोमट असताना लहान वाट्यांत देते, चमच्यासकट. हुर्राकाच्या त्या फसफसणाऱ्या, टोचणाऱ्या चवीनंतर मऊ, गोडसर, स्निग्ध बिबा तोंडात आला की माणूस आपोआप ग्लास खाली ठेवतो. मला तेच हवं असतं.

दुसरं म्हणजे सुंगटं, अर्थात कोळंबी. इथे मोसमाचा एक योग आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे हुर्राक संपतो तेव्हाच ताजी मासळीही दुर्मीळ होते. तोवर एप्रिल-मेमध्ये जेवढी खाऊन घ्याल तेवढी. मध्यम आकाराची अर्धा किलो सुंगटं सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, त्यांना हळद, लाल तिखट, मीठ आणि एक चमचा कोकमाचं आगळ लावायचं. लिंबू नको, ते ग्लासात आहेच. पंधरा मिनिटांनी तीन भाग रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात, प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं. जास्त ठेवलीत तर रबर होतं. हे एकच पदार्थ मी आयत्या वेळी गरम करते. बाकी सगळं आधीच तयार असतं, त्यामागचं कारण पुढे सांगते.

किसमुराबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. सुका गालमो, म्हणजे महाराष्ट्रातला जवळा, कोरडाच खमंग भाजून, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, थोडी चिंच किंवा कोकम आणि चिमूटभर तिखट. जेवणात आमटीभाताबरोबर खायची गोष्ट. ती मी काकडीच्या जाड चकत्यांवर चमचा-चमचा ठेवून देते. दिरांचं म्हणणं, हा किसमुराचा अपमान आहे. पण चकत्या सर्वांत आधी त्यांच्याच बाजूच्या संपतात. गालमो मुळातच खारट असतो. म्हणून भाजण्याआधी पाण्यातून झटपट काढून वाळवून घ्यायचा आणि वरून मीठ घालायचंच नाही. काकडीचं पाणी तहानही भागवतं. एकच पथ्य पाळा, गालमो आणि खोबरं शेवटच्या पाच मिनिटांत एकत्र करा. आधी कालवून ठेवलात तर त्याचा कुरकुरीतपणा जातो आणि मागे वास तेवढा उरतो.

सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी. तेव्हा नीरफणसाचे काप. नीरफणस नसेल तर कच्चं केळं किंवा सुरण. सुंगटांचाच मसाला, तोच रवा. खरं सांगायचं तर हुर्राकाबरोबर मला मासळीपेक्षा नीरफणसच जास्त जुळतो असं वाटतं. बाहेरून कुरकुरीत, आत बटाट्यापेक्षा मऊ, आणि पोटाला आधार. कॅटरिंगवाल्यांच्या चिकन लॉलिपॉपवर पैसे घालवणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

चोरीस-पावाचा उल्लेख केला नाही तर आमचे म्हापशाचे मित्र रागावतील. चोरीस म्हणजे व्हिनेगरात मुरवलेलं, मिरचीचं, चरबीचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. ते आमच्या घरी शिजत नाही, पण त्यांच्या घरी गेलं की ज्याला खायचं तो खातो. माझ्या मते त्याची जोडी हुर्राकाशी नाही, फेणीशी आहे. एवढी चरबी आणि एवढं तिखट पेलायला ४२ टक्क्यांचंच काहीतरी लागतं. हुर्राक त्याच्यासमोर पाण्यासारखा लागतो.

झाकून ठेवलेलं ताट

बशी बदलावी असं मला का वाटलं, तर त्याचं कारण चव नव्हतं.

आमच्या नात्यातले एक काका होते. माणूस गोड, गाण्याचे शौकीन, गणपतीत भजनाला पुढे. रोज संध्याकाळी सातला पडवीत बसायचे. समोर ग्लास आणि कागदाच्या पुडीतले शेंगदाणे. आत काकींचा स्वयंपाक साडेआठलाच तयार व्हायचा. काका म्हणायचे, येतो, तू वाढ. काकी ताट वाढायच्या आणि वर दुसरं ताट झाकायच्या. साडेनऊला तसंच, अकराला तसंच. कित्येकदा सकाळी ते ताट उघडून गाईला घालताना मी त्यांना पाहिलंय. काका फार वर्षं टिकले नाहीत. शेवटची दोन वर्षं यकृताच्या दुखण्यात गेली. कारणं अनेक असतील, मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात त्या दुखण्याची आठवण निघाली की कोणी दारूचा शब्द काढत नाही, सगळे त्या झाकलेल्या ताटाबद्दल बोलतात.

आणि तेव्हा पद्धतच तशी होती. पिणं पडवीत, जेवण स्वयंपाकघरात, आणि मधल्या दारावर पडदा. एका भावाने घेतली तर दुसऱ्याने पाहिलं नाही असं दाखवायचं. काजूचे डोंगर घरचे, भट्टीला बोंडं घरची, आणि बाटली मात्र लपवून आणायची. बायकांनी त्या दिशेला बघायचं नाही, फक्त आतून गरम भजी पाठवायची. एक घाणा संपला की दुसरा, रात्री दहापर्यंत. पाहुणे गेले की आपण उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायचं.

आमच्या पिढीने हे एका दिवसात बदललं नाही. सुरुवात झाली ती सासूबाईंच्या एका वाक्याने. हुर्राकाच्या दिवसांत घरी सात-आठ जण यायचे होते आणि दिरांनी नेहमीप्रमाणे पाकिटं आणून ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "ग्लासात काय घालता ते मी विचारत नाही. पण माझ्या घरात कोणी उपाशीपोटी बसायचं नाही. आणि घरातली बाई स्वयंपाकघरात उभी राहिली तर कोणीच बसायचं नाही."

दिरांनी विचारलं, "मग आई, तळायचं कोणी?"

"तू," त्या म्हणाल्या. "पंचवीस सुंगटं तळायला किती वेळ लागतो?"

त्या दिवसापासून आमच्याकडे तीन गोष्टी आहेत. गरम पदार्थ एकच आणि तो ज्याला आग्रहाने प्यायची आहे त्याने करायचा. बाकीचं सगळं सहाच्या आधी तयार आणि टेबलावर. आणि पहिला ग्लास भरण्याआधी पहिली वाटी रिकामी. यामुळे झालं असं की पडवीतली बैठक जेवणाच्या टेबलावर आली. तिथे सासूबाई बसतात, मी बसते, शेजारच्या वहिनी बसतात. कोणी एक ग्लास घेतं, कोणी घेत नाही. वाट्या समोर असल्यामुळे गप्पा खाण्यावर येतात, कोणाकडे बिबे स्वस्त मिळाले, कोणाच्या आईचा किसमूर कसा असायचा. नऊ वाजता मऊ भात आणि सोलकढी. झाकून ठेवायला ताटच उरत नाही.

तरुण वाचकांना एक रोखठोक सांगते. गोव्यात पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, सुट्टीला आलेल्या भाच्यांनाही तेच लागू. २१च्या पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. मला एवढंच दिसतं की आता शहरांतल्या घरांत मुलं स्वतः कॉकटेल करतात, शेकर विकत आणतात, जिनच्या चार तऱ्हा सांगतात, आणि मग खायला काय, तर वेफर्सची पिशवी फाडून ठेवतात. ग्लासावर जेवढा विचार करता त्याचा निम्मा बशीवर करा.

ग्लासात दारू नसेल तर

माझी नणंद वडोदऱ्याला असते. गुजरातेत दारूबंदी, आणि ती स्वतःही घेत नाही. ती पहिल्यांदा या टेबलावर आली तेव्हा तिच्या पुढ्यात बाजारातलं आंब्याचं गोड पेय ठेवलं गेलं, लहान मुलांच्या पंक्तीत बसवल्यासारखं. बिबे, सुंगटं आणि त्यावर ते गोड पेय. दोन घोटांनंतर तिने ग्लास सरकवला आणि म्हणाली, "वहिनी, मला तुमच्यासारखंच द्या ना, फक्त त्यातलं ते काढून."

बरोबरच होतं तिचं. आंबट, खारट आणि फसफसणाऱ्या पेयाभोवती बशी रचली असेल तर न घेणाऱ्यालाही तसंच पेय हवं. आता दोन चमचे कोकमाचं आगळ, अर्धं लिंबू, चमचाभर साखरेचा पाक, चिमूटभर काळं मीठ, चिरलेली मिरची, बर्फ आणि सोडा असा ग्लास आमच्याकडे सगळ्यांसाठी आधी होतो. मग ज्याला हवं तो त्यात ६० मिली हुर्राक घालतो. दिसायला दोन्ही ग्लास सारखेच, त्यामुळे कोण घेतं आणि कोण घेत नाही ही चौकशीच बंद झाली. वडोदऱ्याला परत गेल्यावर तिने याच कोकमाच्या ग्लासाबरोबर तिथला लीलो चेवडो ठेवला. तो बटाट्याचा, ओलसर, गोडसर असतो, आपल्या कडक चिवड्यासारखा नव्हे. चालला म्हणे. मला नवल वाटलं नाही, कारण तो मऊ आहे आणि फार खारटही नाही.

इतर गावच्या मंडळींनी हुर्राक कुठून आणायचा असं विचारू नये. तो तुमच्याकडे येईपर्यंत हुर्राक राहणार नाही, आणि राज्याच्या सीमेवर त्याचे नियम वेगळे आहेत. बशी मात्र तुमच्याकडे आहेच. इंदूरकरांकडे भुट्ट्याचा कीस आहे, मक्याचा गोडवा, दूध आणि वरून खोबरं. जिन, टॉनिक आणि लिंबाच्या ग्लासाजवळ तो लहान वाटीत ठेवून बघा, टॉनिकचा कडवटपणा तो अलगद झाकतो. हिवाळ्यात गराडू आहे, तळलेला, मसाला आणि लिंबू मारलेला. मसाला हात आखडून घाला, म्हणजे व्हिस्की-सोड्याला त्याच्याइतकं पोटभरीचं दुसरं नाही. लसणाची सेव मात्र डब्यातच राहू द्या, ती दुसऱ्या दिवशी पोह्यांवर.

जून लागला की आमच्याकडे हे सगळं बदलतं. होड्या किनाऱ्याला, हुर्राक संपलेला, बाहेर धो धो पाऊस. मग बाटली फेणीची निघते, ४५ मिलीच्या वर नाही, कोकमाचं आगळ आणि सोडा घालून. बशीत येतात फणसाच्या आठळ्या, आमच्याकडची बिकणां. मे महिन्यात फणस खाऊन झाल्यावर त्या धुऊन, मातीत घोळून, वाळवून कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. त्या धुऊन उकडायच्या, मग तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायच्या. भाजण्याआधी प्रत्येकीला सुरीने चीर द्यायला विसरू नका, नाहीतर तव्यावर फुटतात आणि शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकतं. वर खोबरेलाचे चार थेंब, जाडं मीठ अगदी थोडं. सोलायला वेळ लागतो, एकेक करून खाव्या लागतात, त्यामुळे ग्लासही सावकाश संपतो. सहा जणांना चाळीस आठळ्या पुरतात. आमच्या दिरांना सोडून.